यिपबाईंची तोंडसोय

सुप्रभाबाईंनी जेवढे उपवास केले तेवढे दिवस देवाने त्यांच्या आयुष्यात जमा केले असते, तर त्यांनी शंभरी सहज गाठली असती. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवरात्र, काही म्हणजे काही सोडलं नाही. गंमत अशी की बाईंचा देवावर फारसा विश्वासच नव्हता. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली ती बाई, ती काय विश्वास ठेवणार! त्यांना उपवास आवडायचे ते साबुदाण्यासाठी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याच घरावरून पडली असणार, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

यजमान दीनानाथराव गेले आणि श्रीनिवासने आईला लंडनला आणलं. लंडन म्हणजे स्टॅनमोर, शहराचं पार टोक. श्रीनिवास एका बँकेत कॉम्प्युटरवर होता, सून चैत्राली दुसऱ्या कंपनीत. सकाळी सातला दोघं ट्यूबने जायची, नात कस्तुरी साडेआठला शाळेत, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात सुप्रभाबाई आणि फ्रिजचा आवाज. कुणी त्यांना छळत नव्हतं, उलट फार जपत होते. "आई, तुम्ही बसा" हे वाक्य त्या घरात दिवसातून वीसदा ऐकू यायचं, आणि त्या वाक्याचा बाईंना मनस्वी राग यायचा. भाजी कुठली, पडदे कुठले, रविवारी कुणाकडे जायचं, सगळं ठरून मग त्यांच्या कानावर यायचं. पाहुणी म्हणून आल्याला दोन वर्षं झाली तरी पाहुणचार संपत नव्हता. आणि पाहुण्याचं चहाला आलं घालू का, एवढ्यावरच मत विचारतात.

त्या दोन वर्षांत बाईंनी स्वतःच्या मनाने एकच गोष्ट मिळवली होती. ती म्हणजे यिपबाई.

लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजीचा वर्ग असायचा. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, सगळ्यांना जोड्या लावून बसवायची. 'आज सकाळी तुम्ही काय खाल्लं' हा विषय. सुप्रभाबाईंच्या समोर एक बुटकीशी, केस कानापाशी कापलेली चिनी बाई आली. वय असेल पासष्ट. ती म्हणाली, "सागो."

"सागो? राउंड राउंड?" बाईंनी वहीत भराभर टिंबं काढली.

"येस! राउंड राउंड!"

मग काय विचारता! बाईंनी त्या टिंबांशेजारी साबुदाणा ज्यापासून करतात त्या झाडाचं मूळ, खोड, पान असं सगळं रेखाटलं, नावं लिहिली. यिपबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण चित्राकडे बघून त्यांनी हाताने सोलायची, किसायची, पिळायची खूण केली. ओळख पक्की झाली.

यिपबाई हाँगकाँगच्या. तीस वर्षांपूर्वी आलेल्या. जवळच्या बर्न्ट ओकला नवऱ्याचं टेकअवे होतं. नवरा पुढे गल्ल्यावर, ह्या मागे कढईपाशी. त्यामुळे तीस वर्षांत इंग्रजी आलं ते एवढंच: चिकन, राइस, टेन मिनिट्स. नवरा गेला, दुकान गेलं, खाली मोबाइल फोनवाला आला, आणि यिपबाई वरच्या दोन खोल्यांत राहिल्या. त्यांना 'सुप्रभा' म्हणता येईना, म्हणून त्या बाईंना 'मिसेस सू' म्हणायच्या. मराठी घरात लहान मुलं 'सू' कशाला म्हणतात, ते बाईंनी त्यांना कधीच सांगितलं नाही. कस्तुरीला मात्र सांगितलं, आणि ती अर्धा तास लोळून हसली.

दोघी एकमेकींना अर्धंच इंग्रजी बोलून पुरं समजून घ्यायच्या. एकदा यिपबाईंनी घरी बोलावलं. पुढ्यात वाटी ठेवली. जांभळट पांढरी, दाट, वर साबुदाण्याचे काचेसारखे मणी.

"तोंग सोय," यिपबाई म्हणाल्या.

"तोंडसोय?" बाई म्हणाल्या, आणि एकट्याच खो खो हसत सुटल्या. तोंडाची सोय! याहून नेमकं नाव गोड पदार्थाला मराठीतसुद्धा कुणी दिलं नसेल. यिपबाईंनी साखरेचा डबा दाखवला, नळ दाखवला. म्हणजे साखरपाणी. पण बाईंच्या लेखी तिचं बारसं होऊन गेलं होतं.

त्यांनी एक घास घेतला. नारळाचं दूध, खडीसाखर आणि आणखी काहीतरी, जे जिभेला ओळखीचं होतं पण नाव आठवेना. दुसऱ्या घासाला आठवलं. अळकुडी! आपल्या अळवाचा कंद. एरवी बोटाएवढ्या अळकुड्या, इथे चांगला नारळाएवढा गड्डा, आत जांभळ्या रेघांची नक्षी. तो वाफवून, निम्मा कुस्करून, निम्म्या फोडी तशाच ठेवून केलेली ती खीर. नारळ, साखर, साबुदाणा, अळकुडी. बाईंनी चमचा खाली ठेवला. यातलं सगळं उपवासाला चालतं! एका चिनी बाईने, जिने आयुष्यात उपवास हा शब्द ऐकला नव्हता, तिने त्यांच्यापुढे आख्खा फराळ मांडला होता.

करायला शिकताना मात्र बाईंची फजिती झाली. पुढच्या खेपेला त्या मोठ्या उत्साहाने घरून साबुदाणा घेऊन गेल्या, आणि तो रात्रीच भिजत घातलेला. मराठी बाई साबुदाणा म्हटलं की आधी भिजत घालते, मग विचार करते. यिपबाईंनी उकळत्या पाण्यात तो भिजलेला साबुदाणा पडताना पाहिला आणि "नो! नो! नो सोक!" असं ओरडत धावल्या. तोवर कार्यभाग उरकला होता. पातेल्यात पोस्टर चिकटवायची खळ तयार झाली होती. मग यिपबाईंनी नवा साबुदाणा घेतला, कोरडाच, खळखळत्या पाण्यात सोडला, दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका राहीपर्यंत उकळला, गॅस बंद करून झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी ठिपका गेला. मग गार पाण्याखाली धरून चिकटपणा काढला. सुप्रभाबाई बघतच राहिल्या. पंचावन्न वर्षं साबुदाणा हाताळून त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती.

त्यानंतर त्यांनी ती तोंडसोय दहा वेळा केली असेल. दर वेळी यिपबाईंच्या घरी, यिपबाईंच्या पातेल्यात.

आता मंडळाकडे वळू. हॅरोच्या बाजूला मराठी मंडळींचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे मंजिरीताई. बाकीचे सगळे सभासद. महाशिवरात्रीला सगळे एका शाळेचा हॉल घेऊन जमत, आणि कुणी काय करून आणायचं याची यादी मंजिरीताई ईमेलने पाठवत. सुप्रभाबाईंच्या नावापुढे दोन्ही वर्षं 'पाणी आणि वाट्या' असं होतं. त्या साताऱ्यात दोनशे मुलींच्या सहली नेऊन आणत होत्या, इथे वाट्या मोजत होत्या.

यंदा शिवरात्र रविवारी आली. बाईंनी स्वतः फोन उचलून मंजिरीताईंना सांगितलं, "मी गोड आणते. साबुदाण्याची खीर, अळकुड्या घालून. आणि माझी एक मैत्रीण येईल बरोबर."

"हो हो, आणा की काकू," मंजिरीताई घाईत म्हणाल्या.

बाईंनी यिपबाईंना आमंत्रण दिलं. नुसतं आमंत्रण नाही, वहीत चित्र काढून दिलं: हॉल, लोक, ताटं, आणि मधोमध दोन बायका शेजारी शेजारी. यिपबाईंनी ते पान वहीतून फाडून फ्रिजवर लावलं. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी कुठे बोलावलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी श्रीनिवास जरा लवकरच आला. कोट न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. लहानपणी पेपर अवघड गेला की असाच उभा राहायचा.

"आई, मंजिरीताईंचा फोन होता. ते तुझं खिरीचं... या वेळी राहू दे ना. नेक्स्ट इयर बघू."

"का?"

"चैत्राली बोलता बोलता बोलून गेली, की ती चायनीज डिश आहे, आणि तुझी मैत्रीणपण. त्यांचं म्हणणं, रिलिजस प्रोग्रॅम आहे, लोकांना ऑकवर्ड होईल."

"मी तिला बोलावलंय, श्रीनिवास."

"अगं, तिला काही वाटणार नाही. त्यांच्यात एवढं नसतं."

"काय नसतं त्यांच्यात?"

 मंजिरीताईंचे यजमान अतुलराव बँकेत श्रीनिवासच्या दोन पायऱ्या वर बसायचे, हे त्याने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. तो म्हणाला, "आई, प्लीज. सीन नको."

सुप्रभाबाईंना त्या क्षणी फार वाईट वाटलं. मुलाचा रागही आला आणि कीवही आली. जन्मभर त्यांनी पोरीबाळींना सांगितलं होतं की बोलावलेल्या माणसाला दारातून परतवू नये. आणि आता स्वतःच्या मुलाच्या घरात त्यांना त्यांची एकुलती एक मैत्रीण परतवायला सांगत होते. आज हे ऐकलं, तर या घरात आपण मरेपर्यंत वाट्याच मोजणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"सीन मी करत नाही," त्या म्हणाल्या. "मी खीर करतेय."

रविवारी सकाळी आठला यिपबाई बसने आल्या, पिशवीत अळकुडीचा भला मोठा गड्डा घेऊन. चैत्रालीने "हॅलो मिसेस यिप" म्हणून कॉफी विचारली आणि कस्तुरीला घेऊन वर निघून गेली. वाईट नव्हती ती, फक्त दोन दगडांवर पाय ठेवून उभी होती.

बाईंनी आंघोळ करून धुतलेलं पातळ नेसलं होतं. साधं मीठ नको म्हणून सैंधव काढलं. डब्यातलं नारळाचं दूध यिपबाईंनी आणलं होतं, ते बाजूला ठेवून दोन नारळ फोडले आणि किसायला बसल्या. यिपबाईंनी कपाळाला हात लावला. "टिन इज सेम! टू मिनिट्स!" बाई म्हणाल्या, "टुडे गॉड इज कमिंग." त्यावर यिपबाईंनी डबा पिशवीत परत ठेवला. देव येणार म्हटल्यावर त्यांच्याकडेही डब्यातलं चालत नसावं.

कंद सोलताना हाताला खाज सुटते. बाईंनी हाताला तेल चोळलं, यिपबाईंनी पिवळे रबरी हातमोजे चढवले, आणि दोघींनी एकमेकींच्या अज्ञानाची कीव केली. फोडी यिपबाईंनी केल्या. तीस वर्षांचा हात तो, सुरी दिसतसुद्धा नव्हती. वाफवलेल्या फोडी बाईंनी पळीने कुस्करल्या, खडीसाखर विरघळली, दूध पडलं, शेवटी साबुदाणा. वर चवीला चिमूटभर सैंधव. कस्तुरी वासाने खाली उतरली आणि पातेल्यात डोकावून म्हणाली, "आजी, हा खीर किती पर्पल झाला!"

"ही खीर. किती जांभळी झाली," बाईंनी सुधारलं. "आणि खीर नाही, तोंडसोय."

हॉलवर पोचेपर्यंत दीड वाजला. समोर टेबलावर पिंड मांडलेली, बेल कुठूनसा आणलेला, उदबत्तीचा वास. बाजूच्या लांब टेबलावर फराळ: साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप. प्रत्येकापुढे नाव लिहिलेली चिठ्ठी. पन्नासेक माणसं जमली होती. यिपबाईंनी निळा रेशमी कोट घातला होता आणि दाराशीच त्यांनी बूट काढून नीट कडेला ठेवले, कुणी न सांगता. हे सुप्रभाबाईंनी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं की नाही, देव जाणे.

मंजिरीताई हसत पुढे आल्या. ते हसू ओठांवरच थांबलेलं होतं. "आलात का काकू! हे पातेलं ना, आपण तिकडे ठेवूया, खिडकीपाशी. नैवेद्याच्या टेबलावर नको. आणि वर चिठ्ठी लावूया, नॉन-उपवास म्हणून. म्हणजे लोकांचं कन्फ्यूजन नको."

"नॉन-उपवास काय आहे यात?"

"अहो, चायनीज पदार्थ आहे तो."

सुप्रभाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. दोन वर्षं त्या 'मंजिरीताई, तुम्ही' म्हणत आल्या होत्या. आता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो साताऱ्याच्या वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मंजिरी, ऐक. हा बटाटा. पेरू देशातला. नावसुद्धा आपलं नाही, पोर्तुगीज आहे. हे रताळं, ही मिरची, हे शेंगदाणे, सगळे अमेरिकेहून गलबतात बसून आले. तुझ्या खिचडीतला साबुदाणा ज्या मुळाचा होतो ते झाड ब्राझीलचं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीही उपवासाला चालत नव्हतं, कारण यातलं काही इथे... म्हणजे तिथे नव्हतंच! या टेबलावर जुनी घरची म्हणावी अशी वरी तेवढी आहे. आणि माझ्या पातेल्यातला नारळ आणि अळकुडी. चिठ्ठ्या लावायच्याच असतील तर आधी तुझ्या खिचडीला लाव."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. ज्ञानेश्वरराव म्हणून एक निवृत्त डॉक्टर होते, ते "वा बाई!" म्हणाले. मंजिरीताईंचा चेहरा लाल झाला. वादात हरलेला माणूस विषय बदलतो, तसा त्यांनी बदलला.

"प्रश्न बॉटनीचा नाहीये काकू. प्रश्न सोवळ्याचा आहे. ज्या घरात डुकराचं मांस शिजतं, त्या घरातलं आपण देवापुढे कसं ठेवायचं? उद्या लोक मला विचारतील."

 यिपबाई बाईंच्या बाहीला धरून म्हणाल्या, "मिसेस सू, व्हॉट शी से?"

सुप्रभाबाईंच्या मनात आलं, काहीतरी थाप मारावी. जागा नाही म्हणते, उशीर झाला म्हणते. पण त्यांच्यात अर्धंच इंग्रजी होतं, त्यात थापेला जागा नव्हती.

"शी से, युअर किचन नॉट क्लीन. बिकॉज पोर्क."

यिपबाईंनी मंजिरीताईंकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खांदे उडवले. "थर्टी इयर्स पीपल से. देन ईट."

तेवढ्यात श्रीनिवास पुढे आला. हसत, दोन्ही हात वर करून, भांडण सोडवायला येतात तसा. "मंजिरीताई, अहो, मिसअंडरस्टँडिंग होतंय. हे आमच्या घरी केलंय. आमचं पातेलं, आमचा गॅस. सगळं आईनेच केलं. या फक्त बसल्या होत्या, हातसुद्धा लावला नाही त्यांनी. हो ना गं आई?"

"असं होय!" मंजिरीताईंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग आधी नाही का सांगायचं! ठेवा काकू, ठेवा नैवेद्याला."

पातेलं नैवेद्याच्या टेबलापासून दोन हातांवर होतं. सुप्रभाबाईंना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो'सुद्धा नाही, गप्प राहायचं होतं. गप्प राहण्याची त्यांना आता सवय झाली होती. मुलाची पत राहिली असती, मंडळाचं सोवळं राहिलं असतं, पुढच्या वर्षी यादीत कदाचित 'गोड – सुप्रभाकाकू' असंही आलं असतं. आणि ज्या हातांनी सकाळी अळकुडीच्या फोडी केल्या ते हात कुठे गेले, हे कुणीच विचारलं नसतं. यिपबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि काही न कळता, सगळे हसताहेत म्हणून हसत होत्या. ते हसू बाईंना बघवेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "लावला हात. अळकुडी आम्ही दोघींनी सोलली, चिरली ती यांनीच. खोटं बोलू नकोस श्रीनिवास, देवापुढे तर नकोच. हा पदार्थ मी यांच्या घरी शिकले, यांच्या पातेल्यात केला आणि यांच्या वाटीत खाल्ला. एकदा नाही, दहादा. सोमवारीसुद्धा खाल्ला, चतुर्थीलासुद्धा."

"म्हणजे तुमचे सगळे उपवास मोडले की काकू!" मंजिरीताईंच्या तोंडून निघून गेलं.

"उपवास माझे आहेत. मोडले की नाही ते मी बघेन. उपाशी मी राहते, तू नाही."

एवढं बोलून त्यांनी पातेल्याचं झाकण फडक्याने बांधलं, बरोबर आणलेल्या चाकांच्या पिशवीत ठेवलं, आणि यिपबाईंना म्हणाल्या, "कम." दाराशी यिपबाईंना बूट घालायला वेळ लागला. तेवढा वेळ सुप्रभाबाई हॉलकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. कुणी थांबवलं नाही. श्रीनिवासच्या हातात कुणीतरी भरलेलं ताट दिलं होतं, ते धरून तो उभा होता, आणि चैत्राली त्याच्याकडे बघत होती.

बाहेर गारठा मरणाचा. बस आली. दोघी पिशवी चढवत खाली मागच्या बाकावर बसल्या.  इतका वेळ जो राग पुरला होता तो संपला होता, आणि खाली नुसती भीती होती. आपण कुणाच्या घरात राहतो, कुणाच्या भाकरीवर, हे आता आठवायला लागलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. यिपबाईंनी आपल्या पर्समधून दोन कागदी कप काढले. पर्समध्ये कागदी कप घेऊन फिरणारी बाई! झाकण सोडून त्यांनी दोन्ही कप भरले. "ईट, मिसेस सू. गॉड इज वेटिंग." भर बसमध्ये, शिवरात्रीच्या दुपारी सुप्रभाबाईंनी उपवासाचा पहिला घास घेतला.

दोन स्टॉप गेले आणि मोबाइल वाजला.

"आई! कुठे आहेस? बाहेर येऊन बघतो तर तू नाहीस."

"बसमध्ये."

"अगं, मी गाडीने सोडलं असतं ना!"

"तू ताट घेऊन उभा होतास. भरल्या ताटावरून उठू नये, हे मीच शिकवलंय तुला."

 मग श्रीनिवास म्हणाला, "आई, मी तुझ्याच बाजूने बोललो होतो. सगळं नीट व्हावं म्हणून."

"नीट झालंच असतं. पण तुझ्या एका वाक्यात ती बाई आपल्या स्वयंपाकघरातून नाहीशी झाली, कळलं का? दोन वर्षांत मला तेवढी एकच बाई भेटली."

 मागे कस्तुरीचा आवाज येत होता, रडवेला, इंग्रजीतून काहीतरी मागत होती.

"कस्तुरी हट्ट धरून बसलीये," तो शेवटी म्हणाला. "खिचडी खात नाही. तिला तुझं ते... थोडं उरलंय का?"

"पातेलंभर आहे."

"मग घरी आणशील ना?"

सुप्रभाबाईंनी शेजारी पाहिलं. यिपबाई कपाच्या तळाचा साबुदाणा बोटाने काढून खात होत्या. बाईंनी आवाज सरळ ठेवला.

"नाही. हे यिपबाईंच्या घरी चाललंय. खायचं असेल तर तिथे यायचं. तिघांनी. त्यांच्या टेबलावर बसायचं आणि त्यांच्या वाटीत खायचं. नाही तर राहिलं."

बस सिग्नलला थांबली, निघाली, पुन्हा थांबली. फोन कट झाला असं समजून बाईंनी तो कानावरून खाली घेतला. मग त्यातून बारीक आवाज आला, तसा त्यांनी घाईने परत कानाला लावला.

"त्यांचा घर नंबर काय आहे, आई?"

सुप्रभाबाईंनी नंबर सांगितला. दोनदा सांगितला, चुकायला नको म्हणून.